पंचविसावं माणूस

खोलीत शिरली की एल्फ्रीडा एत्सिटी आधी माणसं मोजायची. लग्नघर असो, दवाखान्यातलं बाकडं असो, दुकानातली रांग असो. बोट दाखवायची नाही. माणसाकडे बोट करू नये, हे आईने लहानपणीच शिकवलेलं. ओठ किंचित पुढे काढायचे, हनुवटी हलवायची आणि मोजायचं. दोनदा. एकदा दाराकडून, एकदा खिडकीकडून.

कॉफीत साखर घालायची, पण ढवळायची नाही. तळाची साखर शेवटी चमच्याने खायची.

कुत्र्यांशी इंग्रजीत बोलायची, माणसांशी आपल्या नवाहो भाषेत. का, असं विचारलं तर म्हणायची, "कुत्र्याला हुकूम लागतो. माणसाला नातं."

कुणाच्या दारात गाडी नेली तरी हॉर्न वाजवायची नाही. इंजिन बंद करून बसून राहायची. आतल्यांना कळतंच. उठतील, केस बांधतील, येतील. पाच मिनिटं लागोत, नाहीतर पंचवीस.

अंबाड्यात पेन खोचलेलं असायचं आणि ते घरभर शोधायची.

सभेत खुर्चीवर बसायची नाही. मागच्या भिंतीला टेकून उभी राहायची. तिथून सगळी डोकी दिसतात.

पिवळा कातळ हा अमेरिकेतल्या नवाहो मुलखातला एक चॅप्टर, म्हणजे ग्रामपंचायतीसारखा. त्याची सभा महिन्याच्या तिसऱ्या रविवारी भरते. रस्ता, वीज, सरपण, घराची जागा, जे काही मागायचं ते आधी या सभेत मांडायचं. सभेने ठराव केला तरच कागद पुढे नवाहोंच्या राजधानीला जातो. आणि पंचवीस मतदार हजर असले तरच ती सभा. चोवीस असले तर ती नुसती कॉफी. लोक येतात, बसतात, मेंढीचं कालवण खातात, घरी जातात. ठराव तसाच पडून राहतो.

एल्फ्रीडा त्रेचाळीस वर्षांची होती तेव्हा सलग पाच महिने अशी नुसती कॉफी झाली होती. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली म्हातारी माणसं यायची बंद झाली होती, कारण त्यांच्याकडे गाड्या नव्हत्या. सहाव्या महिन्यात तिने एका शाळेने मोडीत काढलेली व्हॅन घेतली, ओढा ओलांडला आणि पहिल्या घरासमोर इंजिन बंद करून बसून राहिली. त्या रविवारी सव्वीस माणसं भरली.

त्याला एकोणीस वर्षं झाली. चॅप्टर हाउसमध्ये तिला कुठलंही पद नव्हतं. पाच अध्यक्ष आले, पाच गेले. मोजायला मात्र तीच. तिने 'पंचवीस' म्हटलं की अध्यक्ष लाकडी हातोडी आपटायचा. ती गप्प राहिली की सगळे दाराकडे बघत बसायचे.

तिची मोजणी कधी खोटी नव्हती. एकदा चोवीस भरले होते. बाहेर बर्फ पडत होता आणि सगळ्यांना घाई होती. कुणीतरी म्हणालं, "म्हण की पंचवीस, कोण बघतंय?" ती बाहेर गेली. रस्त्यालगत यादीतलाच एक मेंढपाळ होता, त्याला त्याच्या कुत्र्यासकट घेऊन आली. मेंढ्या पाऊण तास चॅप्टर हाउसच्या कुंपणात उभ्या होत्या. त्या दिवशी जो ठराव झाला, तो शर्लिटा डुगायच्या घराच्या जागेचा होता.

शर्लिटा तिची बहीण लागायची. आया वेगळ्या, पण दोघी चिखल कुळातल्या. एक कूळ म्हणजे बहिणी, त्यात विचारायचं काही नाही. अकरा वर्षांपूर्वी शर्लिटा शहरातून परत आली ती दोन बॅगा आणि एक मोडलेलं लग्न घेऊन. नवाहो बोलताना अडखळायची. सभेत कोपऱ्यात बसायची. एल्फ्रीडाने तिला हाताशी धरलं. आधी आपली चारही कुळं सांगायची, आईचं, बापाचं आणि दोन्ही आजोबांची, मग आपलं म्हणणं. म्हातारं माणूस थांबलं म्हणजे संपलं असं समजायचं नाही, अजून दहा श्वास थांबायचं. लोक गप्प आहेत म्हणजे नाही म्हणतायत असंही नाही.

"ताई, बोलायला उभी राहिले की माझे गुडघे कापतात."

"मग टेबलामागे उभी राहा. गुडघ्यांना कोण मत देतंय?"

शर्लिटा अध्यक्षपदाला उभी राहिली तेव्हा एल्फ्रीडाने तिला व्हॅनमध्ये घालून दारोदार नेलं. म्हाताऱ्यांना सांगितलं, "माझी धाकटी बहीण आहे. भित्री आहे, पण वाचते चांगलं." लोकांनी निवडून दिलं. भीती वर्षभरात गेली.

एल्फ्रीडा स्वतः राहायची पठारावर. तिथे नऊ घरं. पाण्याची मोठी वाहिनी पठाराच्या पायथ्याशी येऊन थांबलेली, आणि तिथून वर सहा मैल काही नाही. नऊही घरं चॅप्टर हाउसच्या नळावरून टाक्या भरून नेतात. दर दुसऱ्या दिवशी, उन्हाळ्यात रोज. एकोणीस वर्षांत तिने ओढ्यापलीकडच्यांचे ठराव भरल्या सभेत नेले, मोठ्या रस्त्याकडच्या वस्तीचे नेले. पठाराचा ठराव तिने कधी पुढे रेटला नाही. आपल्याच घरासाठी माणसं गोळा करायची म्हणजे बरं दिसत नाही, असं तिचं म्हणणं.

पण दोन वर्षांपूर्वी तिची आई देस्बा हिच्या पायाला जखम झाली. साखरेची जखम, भरेना. घरी येणाऱ्या नर्सने हात वर केले. रोज धुवायला वाहतं पाणी पाहिजे, बादलीचं चालणार नाही. सत्त्याऐंशी वर्षांची देस्बा सत्तर मैलांवरच्या गावात, वृद्धांच्या केंद्रात जाऊन पडली. तिच्या खाटेसमोर खिडकी होती आणि खिडकीबाहेर मोटारी उभ्या करायची जागा. एल्फ्रीडा दर गुरुवारी जायची.

"पाणी आलं?" आई विचारायची.

"येतंय."

"किती लांब आलंय?"

जणू पाणी चालत येतंय आणि वाटेत कुठेतरी सावलीला टेकलंय.

मग एल्फ्रीडाने कागद केले. वाहिनी ज्यांच्या चराईच्या जमिनीवरून जाणार, त्या प्रत्येकाची संमती घेतली. सह्या झाल्या, अंगठे झाले. यंदा नळांसाठी निधी निघाला होता. नोव्हेंबरअखेर चॅप्टरचा ठराव पोचला तर वाहिनी पुढल्या उन्हाळ्यात. नाही पोचला तर यादी पुन्हा उघडायला तीन वर्षं. देस्बाकडे तीन वर्षं नव्हती. केंद्रातली डॉक्टरीण तोंडाने तसं म्हणाली नव्हती, पण एल्फ्रीडाला मोजता येत होतं.

नोव्हेंबरच्या सभेच्या आदल्या आठवड्यात शर्लिटा स्वतः पठारावर आली. निळ्या मक्याच्या पिठाची पिशवी घेऊन.

"ताई, तुझा ठराव सगळ्यात आधी घेते."

"आधी कशाला? क्रमाने येऊ दे."

"एकोणीस वर्षं क्रमाने येऊ दिलास ना? आता बस झालं."

ती गेल्यावर एल्फ्रीडा कॉफीचा कप धरून बराच वेळ दारात उभी होती. बहीण मोठी झाली, असं तिला वाटलं.

रविवारी सकाळी ती ओढ्यापलीकडे गेली. आठ माणसं आणायची होती. पहिल्या दारात इंजिन बंद केलं आणि नेहमीसारखं थांबायचं म्हणून मागे टेकली, तर दार लगेच उघडलं. झॉनी आजी तयारच होती. कपड्यात गुंडाळलेली गरम भाकरी तिने एल्फ्रीडाच्या मांडीवर ठेवली.

"खा. दिवसभर उभी असतेस."

"आजी, आज सूर्य कुठून उगवला?"

आजी हसली नाही. मागच्या बाकावर जाऊन बसली.

हॉस्की मामा एकोणऐंशीचा. एकोणीस वर्षं तो पुढच्या सीटवर बसत आलेला आणि एकोणीस वर्षं तिला शिव्या घालत आलेला. खड्डा दिसत नाही का, ब्रेक काय शोभेला लावलाय, तुझ्यापेक्षा माझं खेचर बरं. त्या दिवशी तोही बायकोला घेऊन मागे गेला.

"मामा, पुढे बसा की."

"असू दे. मागे ऊन आहे."

शेवटी डार्विन चढला. चाळिशीचा, पट्ट्याला बैलावर बसण्याच्या शर्यतीत जिंकलेलं मोठं बक्कल, तोंड कधी बंद नाही.

"मावशी, या व्हॅनचंच नाव मतदारयादीत घालून टाक. सगळ्यांत नियमित हीच येते."

"घातलं असतं. पण हिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, मग तुझं काय करायचं?"

मागून हसण्याचा आवाज आला आणि लगेच थांबला. नेहमी तो ओढा ओलांडेपर्यंत चालायचा. एल्फ्रीडाला वाटलं, थंडी आहे.

सभेत एकतीस माणसं भरली. भिंतीशी उभं राहून तिने दोनदा मोजलं आणि म्हणाली, "एकतीस." शर्लिटाने हातोडी आपटली. मग कामांची यादी वाचली. सरपणाचा अर्ज पहिला. जत्रेच्या मैदानाचं कुंपण दुसरं. पठाराचा नळ शेवटी, जेवणानंतर.

एल्फ्रीडाने मागून तिच्याकडे पाहिलं. शर्लिटा कागदाकडे बघत म्हणाली, "पोटं भरली की हात पटकन वर जातात, ताई." लोक हसले. एल्फ्रीडाही हसली.

जेवण झालं. मेंढीचं कालवण, तळलेल्या भाकऱ्या. मग तिचं नाव पुकारलं आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती भिंत सोडून पुढे गेली. चारही कुळं सांगितली. नऊ घरांची नावं वाचली. कुठून कुठे वाहिनी जाणार, कुणाकुणाची संमती आहे, ते सांगितलं. आईचं नाव घेतलं नाही. ते सगळ्यांना माहीत होतं.

ती बोलत होती तेव्हा हॉस्की मामा उठला. टोपी घातली, हळूहळू दाराबाहेर गेला. तंबाखू ओढायला गेला असेल. मग त्याची बायको गेली. मग झॉनी आजी, काठी टेकत. मग आणखी कुणी. दार उघडायचं, थंड वारा आत यायचा, दार लागायचं. एल्फ्रीडाने कागदावरून नजर काढली नाही. कुणी उठून गेलं म्हणून बोलणं तोडायचं नाही, हेही तिनेच शर्लिटाला शिकवलेलं.

वाचून झालं. मांडणारा मिळाला, दुजोरा मिळाला. दोघेही पठारावरचे.

शर्लिटा म्हणाली, "मतदानाआधी मोजणी करू या. ताई, तूच मोज."

जेवणानंतर पुन्हा मोजायची पद्धत नव्हती. नियम होता, पण पद्धत नव्हती. एल्फ्रीडाने ओठ पुढे काढले आणि मोजलं. दाराकडून. मग खिडकीकडून.

"तेवीस."

उपाध्यक्ष लीलंड क्लाय, मऊ माणूस, कुणाशी वाईटपणा नको असलेला, खाली बघत पुटपुटला, "पंचवीस म्हण ना. बाहेर दोघंतिघं आहेतच की."

शर्लिटाने पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

पंचवीस म्हटलं असतं तर कदाचित चाललं असतं. हात वर गेले असते, कागद गेला असता. एल्फ्रीडाला ते कळत होतं. तिला हेही कळत होतं, की मोजणी खोटी निघाली तर नुसता हा कागद परत येणार नाही. एकोणीस वर्षांचे सगळे कागद संशयात येतील.

"थांबा," ती म्हणाली. "दोघं आणते."

बाहेर ऊन होतं आणि वारा होता. भिंतीच्या आडोशाला तंबाखू ओढणारं कुणी नव्हतं. संडासाच्या दाराशी कुणी नव्हतं. ती व्हॅनकडे वळली.

आठही जण व्हॅनमध्ये होते. ज्या जागी बसून आले त्याच जागी. पट्टे लावून.

तिने सरकतं दार उघडलं.

"मामा, मतदान आहे. चला आत."

हॉस्की मामाने हातातल्या टोपीकडे पाहिलं.

"दोघं पुरेत. आजी, तू चल. डार्विन?"

डार्विन बक्कल पुसत होता.

"काय झालंय?" एल्फ्रीडाने विचारलं. "मी कुणाचं काही केलंय का?"

"नाही गं पोरी," मामा म्हणाला. "तू कधी कुणाचं काही केलं नाहीस."

"मग?"

"शर्लिटा आली होती. सगळ्यांकडे. म्हणाली, पठाराला नळ गेला की आमचे विजेचे खांब सात वर्षं मागे. म्हणाली, तिच्या तोंडावर नाही म्हणू नका. म्हणायचंच नाही. जेवलात की बाहेर येऊन बसा."

एल्फ्रीडाला आधी हसूच आलं.

"मामा, खांबांचा निधी वेगळा. तुमचा ठराव मे महिन्यातच झालाय. सव्वीस माणसं होती. अर्ज मी लिहिला. तुमच्या अंगठ्याला शाई मी लावली."

"तसं असेल."

"असेल नाही, आहे. मला विचारायचं होतंत! आठवडाभर माहीत होतं तुम्हाला. सकाळी माझ्याच गाडीत बसून आलात."

मग झॉनी आजी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुला काय विचारणार, एल्फी? तू पठारावरची."

आजी हे रागाने म्हणाली नव्हती. आज वारा आहे, असं म्हणावं तसं म्हणाली.

"आम्ही नाही म्हटलं नाही," मामा म्हणाला. "एवढं लक्षात ठेव. आम्ही नुसते बाहेर आलो."

एल्फ्रीडाने सरकतं दार लावलं. हळूच लावलं, कारण आजीचा शालीचा पदर दारात येत होता. तो तिने आत सारला.

आत गेली. भिंतीशी नाही, दाराशीच उभी राहिली.

"तेवीस," ती म्हणाली.

शर्लिटाने हातोडी आपटली. खुर्च्या घडी व्हायला लागल्या. पठारावरची माणसं खाली बघत तिच्या शेजारून गेली. एकीने दंडाला हात लावला. लीलंड कालवणाचं पातेलं उचलून मागे गेला आणि परत आलाच नाही.

शर्लिटा कागद गोळा करत होती. टेबलामागे उभी राहून.

"तू सांगितलंस त्यांना."

"मी कुणाला 'विरोधात मत द्या' म्हटलं नाही, ताई."

"खांबांचं खोटं सांगितलंस."

"खोटं नाही. उद्या काय होईल ते कुणाला माहितीये? यंदा चॅप्टरकडून एकच नळयोजना जाऊ शकते. रस्त्याकडच्या ठरावात एकतीस घरं आहेत. तुमच्याकडे नऊ." तिचा आवाज जराही अडखळला नाही. चारही कुळं सांगून बोलणाऱ्या माणसासारखा संथ होता. "तुझा ठराव पाडला असता तर तुझा अपमान झाला असता. म्हणून असं केलं. मला तुझी लाज राखायची होती."

"माझ्या घरी आलीस. पीठ घेऊन."

शर्लिटाने क्षणभर वर पाहिलं. "ते मनापासून आणलं होतं," ती म्हणाली. आणि तिचा चेहरा असा होता, की ते खरं असावं. मग पर्स खांद्याला लावत म्हणाली, "पुढच्या यादीत बघू. आईला माझी आठवण सांग."

एल्फ्रीडा सगळ्यांच्या मागून बाहेर आली तेव्हा आवारात तिचीच व्हॅन उरली होती. आठ माणसं तिची वाट बघत होती. दुसरं कोण पोचवणार त्यांना?

ती चढली. किल्ली फिरवली. आरशात आठ डोकी दिसत होती. ती पाहायची तिला इच्छा नव्हती, पण नजर गेलीच.

खड्ड्यात चाक आदळलं, तरी मामा बोलला नाही. ओढा ओलांडल्यावर पहिल्या वळणावर झॉनी आजी आणि तिची शेजारीण उतरल्या. आजी काठी टेकत निघून गेली. पुढच्या दोन दारांत आणखी तिघं उतरली. प्रत्येक दारात एल्फ्रीडा थांबली, माणूस आत जाईपर्यंत थांबली. सवयच ती. एकाने उतरताना कालवणाचा डबा सीटवर विसरला, तर तिने हाक मारून तो दिला.

मग पठाराचा फाटा आला. डावीकडे वर तिचं घर, सरळ पुढे अडीच मैलांवर मामाची वस्ती. मागे तिघं उरली होती. हॉस्की मामा, त्याची बायको आणि डार्विन.

मामा घसा खाकरून म्हणाला, "पोरी, पुढच्या महिन्यात जरा उशिरा ये आम्हाला न्यायला. हिची दवाखान्याची तारीख आहे."

एल्फ्रीडाने गाडी बाजूला घेतली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. किल्ली तशीच ठेवली. थोडा वेळ दोन्ही हात चाकावर ठेवून ती समोर बघत बसली. त्या तिघांना त्यात नवं काही वाटलं नाही. ती एरवीही अशीच बसते, कुणीतरी यायचं असलं की.

मग तिने पट्टा काढला, दार उघडलं आणि खाली उतरली.

"मावशी?" डार्विन म्हणाला. "ए मावशी, काय झालं? पंक्चर आहे का?"

ती डावीकडे वळली होती. पठाराचा रस्ता तिथून चार मैल चढाचा आहे. ती घाईने चालत नव्हती. सभेचे कागद तिच्या काखेत होते, आणि वाऱ्याने त्यांचे कोपरे फडफडत होते.

"मावशी, किल्ली राहिलीये!"

डार्विन पुढे सरकून चाकामागे बसला, पण त्याने गाडी सुरू केली नाही. तिघंही काचेतून तिच्याकडे बघत राहिली. तिघांना अजून घरी सोडायचं होतं.